स्पिनेलमध्ये अ‍ॅल्युमिनियम घालताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅबमधल्या एका मुलाने महिनाभर भट्टीला शिव्या घातल्या. लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडसाठी (धन टोकासाठी) वापरतात त्या लिथियम मँगनीज ऑक्साइडच्या स्पिनेलमध्ये (स्पिनेल म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीचा एक प्रकार) डोपिंग करायचं होतं, म्हणजे थोड्या मँगनीजच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसवायचं होतं. पण एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहण्याच्या चाचणीत) ३३ अंशांजवळ मँगनीज ऑक्साइडचा पीक, म्हणजे आलेखावरचा सुळका, येतोच आहे. ७००, ७५०, ८००, सगळी तापमानं करून झाली. शेवटी ‘अ‍ॅल्युमिनियम आत जातच नाही’ असा निकालही लावून मोकळा.

मग एकदा तो वजन करताना शेजारी उभी राहिले. लिथियम नायट्रेटची बाटली उघडी टाकून स्वारी चहा पिऊन आलेली. काट्यावर तिसरा दशांश थांबेचना, वर वर सरकतोय. लिथियम म्हणून हवेतून ओढलेलं पाणी मोजलं जात होतं! लिथियम कमी पडलं की जास्तीचं मँगनीज ऑक्साइड होऊन बाहेर बसतं. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा काय दोष?

मी लिथियम नायट्रेट रात्रभर १२० अंशांवर ठेवते, डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करते आणि लगेच मोजते. निकेल घालायचं असेल, तर त्याच्या क्षाराच्या बाटलीवरच्या ‘हेक्साहायड्रेट’वरही (पाण्याचे सहा रेणू असल्याच्या दाव्यावरही) माझा विश्वास नाही. द्रावण करून ईडीटीए या धातूला धरून ठेवणाऱ्या रसायनाने टायट्रेट करते, म्हणजे निकेल खरंच किती आहे ते मोजते. अर्धा दिवस जातो, जाऊ दे. महिन्यापेक्षा बरा.

दुसरी चूक ऐकली की डोकंच उठतं: ‘जादा पीक नाही, म्हणजे डोपिंग झालं.’ अहो, अ‍ॅल्युमिनाची अस्फटिक भुकटी एक्सआरडीला दिसेल कशी? अ‍ॅल्युमिनियमचा आयन मँगनीजपेक्षा लहान, तेव्हा ८.२४ आँगस्ट्रॉमच्या आसपासचा युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा) आकसला पाहिजे. फरक दुसऱ्या-तिसऱ्या दशांशात असतो, म्हणून मोजमापाची खूण म्हणून नमुन्यात चिमूटभर सिलिकॉन मिसळा; त्याचे पीक कुठे येतात ते पक्कं ठाऊक असतं. लिथियम जादा झालं तरी सेल आकसतो. त्यामुळे डोपिंग नसलेला नमुना त्याच भट्टीत, त्याच दिवशी भाजा. हा नमुना घाईवाले हमखास गाळतात.

क्षमता घटली म्हणून रडू नका. सैद्धांतिक १४८ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम मिळते ती तीन-संयुजी मँगनीजमुळे, आणि आपण त्याचीच जागा घेतोय. सूत्रात ०.१ अ‍ॅल्युमिनियम म्हणजे सुमारे १० टक्के तूट. त्याऐवजी तेवढंच निकेल घातलं तर ४ व्होल्टला दुप्पट तूट येते, त्यातली बरीच ४.७ व्होल्टला परत मिळते. तिथपर्यंत चार्ज न करताच ‘निकेल वाईट’ म्हणू नये.

जास्त निकेलचे थरांचे कॅथोड साध्या हवेत भाजू नका, ऑक्सिजन लावा. आणि भाजलेली पूड उघडी ठेवलीत, तर पृष्ठभागावरच्या लिथियममुळे पीव्हीडीएफ (पूड चिकटवून धरणारं प्लास्टिक) घालून केलेलं पातळ मिश्रण, म्हणजे स्लरी, बीकरमध्येच खरवसासारखी थिजेल. ती खरवडायला मला बोलावू नका.