नॉन-रिफंडेबल तिकीट: पैसे बुडवणाऱ्या या चुका टाळा

गड्ड्याच्या यात्रेला बहिणीकडची चौघं दिल्लीहून येणार होती. पुण्यापर्यंत विमान, पुढं गाडीनं सोलापूर. आदल्या रात्री धाकट्याला ताप भरला. दाजी म्हणाले, "तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, आता काय बघायचं त्यात?" चारही तिकिटं तशीच सोडून दिली.

पहिली चूक हीच. महिनाभरानं मी ते तिकीट उघडून बघितलं. खाली बारीक अक्षरात भाड्याची फोड होती: मूळ भाडं एका ओळीत, त्याखाली यूडीएफ (विमानतळ वापराचं शुल्क), सुरक्षा शुल्क वगैरे वेगवेगळं. 'नॉन-रिफंडेबल' असतं ते मूळ भाडं. विमानतळाची शुल्कं आणि सरकारी कर परत द्यावेच लागतात, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नियम आहे. मग तिकीट ऑफरमधलं असो, की तुम्ही विमानतळावर फिरकलाच नसाल. मागितल्यावर, आणि शेवटी तक्रार केल्यावर, चौघांचे मिळून दीडेक हजार आले. रक्कम फार नाही, पण कंपनीला दान करायचं कारणही नव्हतं.

त्याच नियमानुसार रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त कापता येत नाही, आणि रिफंड देण्याचे म्हणून वेगळे पैसेही घेता येत नाहीत. बुकिंग साइटची कन्व्हिनियन्स फी मात्र सहसा गेलीच समजा.

तारीख बदलताना लोक फक्त बदलाचं शुल्क बघतात. ते माणशी आणि प्रत्येक फेरीला लागतं, वर भाड्यातला फरक वेगळा. समजा तिकीट ३,२०० चं, बदलाचं शुल्क ३,००० आणि नव्या तारखेचं भाडं ४,१००. बदललं तर खिशातून ३,९०० जाणार. तेच जुनं रद्द करून करांचे ५०० परत घेतले आणि नवीन काढलं, तर निव्वळ ३,६००. दोन्ही आकडे कागदावर मांडल्याशिवाय बटण दाबू नका.

विमान रद्द होणार अशी कुणकुण लागली की काहीजण घाईनं स्वतःच तिकीट रद्द करतात. थांबा! कंपनीनं रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही आधी रद्द केलंत की नेहमीची कापाकापी. पैशांऐवजी क्रेडिट व्हाउचर पुढं केलं तरी ते घेणं बंधनकारक नाही.

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईचं विमान २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून एक नवीन घोळ दिसतो. सोलापूर-मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई-दुबई दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन वेगळी तिकिटं. पहिलं लेट झालं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, मिळत नसेल तर सरळ आदल्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरा.

लग्नसराईतली चूक वेगळीच: नवरीचं तिकीट सासरच्या आडनावानं, आधार माहेरच्या. नाव बदलून मिळत नाही, फक्त दुरुस्ती होते. कंपनीच्या साइटवरून काढलं असेल तर ती पहिल्या २४ तासांत फुकट होते. देशातल्या प्रवासाला आठवडाभर तरी अवकाश असेल तर पहिल्या ४८ तासांत अख्खं तिकीटही शुल्काशिवाय रद्द करता येतं. म्हणून तिकीट आलं की त्याच दिवशी आधार शेजारी ठेवून वाचा.

एजंटकडून काढलं असेल तर मोबाईल नंबर तुमचाच टाकायला सांगा, नाहीतर वेळ बदलल्याचा मेसेज त्याच्याच फोनवर पडून राहतो. रिफंडही आधी त्याच्या खात्यात जातो. तो "कंपनीकडूनच आले नाहीत" म्हणाला, तरी एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, त्यामुळं जबाबदारी कंपनीची.

रद्दचा पर्याय दिसतच नसेल, तर बहुधा वेब चेक-इन झालेलं असतं. आधी ते चेक-इन रद्द करा. एवढं करूनही पैसे अडले, तर पीएनआर, रद्द केल्याचा मेल आणि भाड्याची फोड जोडून सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. दाजींचे पैसे तिथं तक्रार केल्यावरच सुटले.