वावरातल्या हौदात गुडघ्याचा व्यायाम: उतरायचं कसं आणि मुख्य म्हणजे निघायचं कसं

प्लास्टर निघालं, गुडघा आखडला आणि 'जमलं तर पाण्यात चालवा' एवढं सांगून फिजिओथेरपिस्टनं घरी पाठवलं, अशांसाठी हे लिहितोय. स्विमिंग पूल जिल्ह्याच्या गावी, आणि पाय तर एसटीच्या पायरीवर चढत नाही. वावरात सिमेंटचा हौद मात्र असतो. आधी माझा डावा पाय, मग आत्याचे दोन्ही गुडघे, मग गावातले पाच-सहा जण आमच्याच हौदातून चालते झाले. डॉक्टरची परवानगी आहे, जखम पूर्ण भरली आहे, ताप नाही, फिट येत नाही, असं धरून चालतो. बीपी किंवा हृदयाचं दुखणं असेल तर ते वेगळं विचारून घ्या.

पाण्याचा उपचार म्हटला की आमच्याकडे कोणी ना कोणी सेवाग्रामचा दाखला देतंच. गांधीजी १९३६ पासून तिथे राहिले आणि जर्मनीच्या लुई कुन्हेच्या कटिस्नानावर त्यांचा भरवसा होता, हे खरं. पण ते टबात बसून पोट-कमरेसाठी घ्यायचं स्नान. पैनगंगेपलीकडे उनकेश्वरच्या गरम झऱ्यावर जाऊन येणारेही आहेत. अंग सैल होतं, बरं वाटतं. आखडलेला गुडघा मात्र वाकवल्याशिवाय वाकत नाही.

जागा हौदच. शेततळं नाही म्हणजे नाही. त्याच्या उतारावरचं प्लास्टिक ओलं झालं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. विहीर, कॅनॉल यांचं तर नावच नको.

हौद रिकामा करून तळाचं शेवाळ खराट्यानं खरवडा, ताजं पाणी भरा. मग मोटर बंद. नुसती बंद नाही, आटोवरून काढा आणि फ्यूज खिशात ठेवा. लाइन कधी येईल याचा नेम नसतो, आटोवरची मोटर आपोआप सुरू होते आणि तुम्ही पाण्यात उभे असता.

पाणी छातीपर्यंत हवं. बेंबीपर्यंतच्या पाण्यात पायावर अंगाचं साधारण निम्मं वजन येतं, छातीपर्यंत असेल तर तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी. दोन फूट पाण्यात फेऱ्या मारणाऱ्याचे कपडे भिजतात, बाकी काही होत नाही. हिवाळ्यात दुपारी तीनच्या पुढे उतरा, ताज्या बोअरच्या पाण्याला तेव्हा कोमटपणा असतो. मे महिन्यात सकाळी आठच्या आत उरका, कारण दुपारी हौदाचं पाणी तापतं आणि गरम पाण्यातून निघताना हमखास चक्कर येते.

व्यायामात अवघड काही नाही: काठ धरून पुढे, मागे, आडवं चालायचं, मग गुडघा वाकवायचा-सरळ करायचा; पहिल्या दिवशी दहा मिनिटं, पुढे वीसपर्यंत. घाई करू नका. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो.

आता बाहेर येणं. इथेच मी मार खाल्ला.

माझ्या हौदाला तेव्हा पायऱ्या नव्हत्या. पंचवीस मिनिटं चाललो, पाय असा हलका की वाटलं, झालं, बरा झालो. हातांवर जोर देऊन काठावर चढलो, पलीकडे उडी मारल्यासारखा उतरलो आणि डावा पाय टेकला. गुडघा दुमडला. धुण्याच्या दगडावर कूल्ह्यावर आपटलो आणि तीन आठवडे पुन्हा खाटेवर. पाण्यानं उचललेलं वजन एका क्षणात त्या पायावर परत आलं होतं. दुसरी गोष्ट नंतर कळली. पाण्याचा दाब पायातलं रक्त वर ढकलत असतो. बाहेर आलं की तो दाब जातो, रक्त पायात उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. थकलेला पाय आणि गरगरणारं डोकं, दोन्ही एकाच वेळी.

म्हणून पायऱ्या हव्यातच. लाकडी स्टूल ठेवू नका. मी ठेवलं होतं, ते तरंगत कोपऱ्यात गेलं. प्लास्टिकचं सरकतं. सिमेंटचे भरीव ठोकळे एकावर एक रचून आतून रुंद पायऱ्या करा, एका पायरीची उंची वीतभर, आणि बाहेरूनही तशाच. वर तागाचा ओला बारदाना घट्ट बांधा. खताच्या पोत्याचं प्लास्टिक नको, त्यावरून पाय सुटतो. बाजूला लोखंडी पाइप सिमेंटमध्ये पक्का रोवा. दोरी बांधायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. दोरी झुलते आणि तिच्याबरोबर माणूसही.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पाणी कमरेपर्यंत आलं की त्या पायरीवर तीन मिनिटं बसायचं. गुडघ्यापर्यंत आलं की पुन्हा तीन मिनिटं. मगच काठ. जवळ धडधाकट माणूस हवा, आणि त्यानं हात नाही, काख धरायची.

या तीन मिनिटांना कोणी तयार होत नाही. आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली, "आता मी बरी हाव, हात सोड ना!" वीस मिनिटं पाण्यात राहिलं की प्रत्येकाला असंच वाटतं. तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी कमरेच्या पायरीवर पोचली की तिच्या हातात चहाचा ग्लास द्यायला लागलो, काठोकाठ भरलेला आणि कढत. तो हातात असताना उठता येत नाही आणि फुंकर मारत संपवायला बरोबर तीनेक मिनिटं लागतात.

बाहेर आल्यावर अंग पुसा, पाणी प्या, अर्धा तास पडून राहा. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांच्या पुढे टिकलं तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मी करा. हौदाचं पाणी आठवड्यानं वांग्याच्या वाफ्यात सोडा आणि नवं भरा.