इजिप्तच्या मंदिरांचे जुने फोटो ओळखताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी गफलत तारखेची. प्रिंट पिवळट दिसली की ‘१८५०चा दुर्मीळ फोटो’ अशी ओळ टाकून लोक मोकळे होतात. पण एकाच निगेटिव्हवरून वर्षानुवर्षं प्रिंट काढून पर्यटकांना विकल्या जायच्या. त्यामुळे कागदाच्या रंगावर जाऊ नका, वाळू बघा. एडफूचं मंदिर वाळूत गाडलेलं आणि छपरावर घरं दिसली, तर फोटो तिथला उपसा होण्याआधीचा. ते काम फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्युस्त मारिएतने १८६० मध्ये हाती घेतलं. लक्सरच्या मंदिरात दाटलेली घरं हटवायला १८८५ मध्ये सुरुवात झाली. कर्नाकच्या स्तंभमंडपातले ११ खांब ३ ऑक्टोबर १८९९ रोजी कोसळले, तीही पक्की खूण.

दुसरी चूक उलट्या प्रतिमेची. दाग्युरोटाइपमध्ये, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरच्या सुरुवातीच्या फोटोंमध्ये, डावं-उजवं सहसा उलट उमटतं, आणि निगेटिव्ह पालथी ठेवून स्कॅन केली तरी तेच होतं. चित्रलिपीच्या दिशेवरून निकाल देऊ नका, कारण ती दोन्ही बाजूंनी लिहीत. लक्सरच्या मंदिरासमोरचा ओबेलिस्क, म्हणजे उंच निमुळता दगडी स्तंभ, तपासा. जोडीतला पश्चिमेकडचा फ्रान्सला गेला आणि १८३६ मध्ये पॅरिसमध्ये उभा राहिला. उरलेला, प्रवेशद्वारासमोर उभं राहिलं की, डाव्या हाताला येतो. समोरून घेतलेल्या फोटोत तो उजवीकडे असेल, तर प्रतिमा उलटी आहे.

फोटोत माणूस नाही म्हणून जागा निर्जन होती, असंही लिहू नका. एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, इतकं लांब असे की चालती माणसं उमटतच नसत. फ्रेंच लेखक-छायाचित्रकार मॅक्सिम द्यू काँ १८४९ ते १८५१ या काळात कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेरबरोबर फिरला, तेव्हा मंदिराच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून तो आपल्या नावेवरच्या हाजी इस्माईलला अवशेषांवर उभा करी. त्याने हलू नये म्हणून, कॅमेऱ्याची पितळी नळी ही तोफ आहे, हललास तर गोळी सुटेल, अशी भीती घातल्याचं द्यू काँनेच लिहून ठेवलंय. हे वाचून वाईट वाटतं. निदान त्याचं नाव ठाऊक असताना फोटोखाली ‘अनोळखी स्थानिक’ लिहू नका.

‘ए. बिआतो’ अशी सही असेल तर तो अंतोनियो, लक्सरला स्टुडिओ चालवणारा. १८५८ मध्ये लखनौचे फोटो काढणारा फेलिचे हा त्याचा भाऊ. काही प्रिंटवर दोघांची एकत्र सही असल्याने कित्येक वर्षं त्यांना एकच माणूस समजलं गेलं.

आणि ‘तेव्हा-आता’ची जोडी लावताना अबू सिंबेलमागचे डोंगर जुळवत बसू नका. १९६४ ते १९६८ मध्ये ती मंदिरं कापून सुमारे ६५ मीटर उंचावर नेली, मागचा डोंगर कृत्रिम आहे. फिलेची मंदिरंही नंतर शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवली. तिथे फक्त वास्तूचे तपशील ताडून बघा.