अंडी उबवताना दुसऱ्या थर्मोस्टॅटची जोड

फोंड्यातील आमच्या घरी एका मे महिन्यात बॉल पायथन या पाळीव आफ्रिकी अजगराची सहा अंडी उबवणीच्या पेटीत होती. एके दिवशी पहाटे पाहिले तेव्हा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान ठरल्या आकड्यावर राखणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यावर ३८ अंशांचा आकडा होता. तापवण्याची खूण विझलेली होती, तरीही हीट केबलला बोट लावताच चटका बसला. सहाही अंडी गेली. थर्मोस्टॅटने वीज तोडण्याचा आदेश दिला होता, पण आतल्या रिलेचे, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्वयंचलित कळीचे, संपर्कबिंदू एकमेकांना चिकटून बसल्याने तो आदेश केबलपर्यंत पोहोचलाच नव्हता. ही अंडी ३१ ते ३२ अंश सेल्सिअसला सुमारे दोन महिने ठेवावी लागतात आणि तेवढ्या काळात रिले हजारो वेळा उघडझाप करतो. तेव्हा एकाच रिलेवर विसंबणे धोक्याचे आहे.

उपाय असा की दोन थर्मोस्टॅट एकामागोमाग जोडावेत. भिंतीतील सॉकेटमधून वीज प्रथम राखीव थर्मोस्टॅटमध्ये यावी, त्याच्या सॉकेटमध्ये मुख्य थर्मोस्टॅटची पिन बसवावी आणि हीट केबल मुख्य थर्मोस्टॅटला लावावी. मुख्य थर्मोस्टॅट ३१.५ अंशांवर ठेवला असेल, तर राखीव ३२.५ वर ठेवावा. सगळे सुरळीत असताना राखीव थर्मोस्टॅट नुसता वीज पुढे सोडत राहतो. मुख्य अडकला की पेटी ३२.५ ला पोहोचताच राखीव मागूनच वीज तोडतो. त्या वेळी मुख्य थर्मोस्टॅटचा पडदा काळा दिसेल, आणि बिघाडाची तीच खूण समजावी. दोन्ही उपकरणे तापवण्याच्याच मोडवर असल्याची खात्री करावी. सुट्या तारा जोडायच्या असतील तर ते काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

प्रत्येक थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे वायरचे टोक, स्वतंत्र हवा आणि दोन्ही प्रोब अंड्यांच्या पातळीवर, पक्के बांधलेले हवेत. प्रोब निसटून पेटीबाहेर पडला तर थर्मोस्टॅट खोलीची हवा मोजतो आणि पेटी थंड आहे असे समजून तापवतच राहतो. म्हणून दोन्ही प्रोब एकाच चिकटपट्टीने कधीही बांधू नयेत. बसवण्यापूर्वी दोन्ही प्रोब आणि घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर ३६ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात एकत्र धरावेत. जो फरक दिसेल तो लिहून ठेवून त्यानुसार आकडे लावावेत. याशिवाय किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारा एक वेगळा थर्मामीटर पेटीत असावा, कारण रात्री काय घडले ते सकाळी त्याच्याकडूनच कळते.

हीटर गरजेपेक्षा मोठा घेऊ नये. मासळीसाठी वापरतात तशी थर्मोकोलची जाड पेटी उष्णता इतकी धरून ठेवते की गोव्याच्या हवेत थोड्या वॅटची केबलही पुरते. लहान हीटर अडकला तरी पेटी सावकाश तापते आणि आपल्याला वेळ मिळतो.

उन्हाळ्यात मात्र एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. खोलीच ३४ अंशांवर गेली तर असे दहा थर्मोस्टॅटही पेटी थंड करू शकत नाहीत. त्यामुळे पेटी माडीवर किंवा पत्र्याखाली न ठेवता, चिऱ्याच्या जाड भिंतींच्या तळमजल्यावरील खोलीत, जमिनीलगत ठेवावी. पावसाळ्यात वीज गेल्यास इन्व्हर्टर असला तर उत्तमच. नसला तर पेटीत आधीपासून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या ऊब धरून ठेवतात. काही तासांचा गारवा अंडी सहसा सोसतात, अतिउष्णता सोसत नाहीत, हे मला फार महाग पडून कळले.

हे सर्व कायदेशीररीत्या पाळलेल्या परदेशी प्रजातींपुरतेच आहे. बॉल पायथन साइट्स या वन्यजीव व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्याने त्याची, तसेच जन्मणाऱ्या पिल्लांचीही, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. आपल्या रानातील सापांची किंवा मोरजी, आगोंद, गालजीबाग येथील कासवांची अंडी दिसली तर हात न लावता वन खात्याला कळवावे.

मादी अंडी घालण्यापूर्वी आठवडाभर रिकामी पेटी चालवून पाहावी आणि एकदा मुद्दाम मुख्य प्रोब बाहेर काढून गार पाण्याच्या पेल्यात बुडवावा. केबल तापत राहील, ३२.५ ला राखीव थर्मोस्टॅटचा रिले 'टक्' करून वीज तोडतो की नाही, हे पेटीजवळ बसून स्वतःच्या कानांनी ऐकावे. तो आवाज आला नाही, तर त्या पेटीत अंडी ठेवू नयेत.