मिरची-टोमॅटोची रोपं लांबट होताहेत? या चुका टाळा

मे महिना लागला की भोकरदन-सिल्लोड पट्ट्यातून एकच प्रश्न येतो, "भाऊ, रोपं लई उंच झाली, काय फवारू?" काहीच फवारू नका. एकदा ताणलेलं खोड आखूड करणारं औषध नाही.

सगळ्यात महागात पडते ती ट्रे उघडायला केलेली दिरंगाई. बी टोकल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकनं झाकायचे, म्हणजे उबेनं उगवण एकसारखी होते. पण कोंब दिसले की त्याच दिवशी ट्रे उजेडात पसरावे लागतात. ओळखीतल्या एका शेतकऱ्यानं मिरचीचे ट्रे झाकले आणि लग्नाला गेला. दोन दिवसांनी प्लॅस्टिक काढलं, तर कोंब पांढरेफटक, दोऱ्यासारखे, वरच्या ट्रेच्या बुडाला टेकून वाकलेले. झारीच्या पहिल्याच पाण्याला आडवे झाले. जी उभी राहिली त्यांच्यावर दुकानदाराच्या सांगण्यावरून वाढ रोखणारं संजीवक मारलं. ट्रेमध्ये रोपं ठेंगणी, काळीभोर दिसायला लागली, गडी खूश. वावरात लावल्यावर मात्र ती हलेनात. शेजाऱ्याच्या मिरचीला फुटवे आले, याची होती तिथंच. बाटलीचा हा रस्ता मला अजिबात पटत नाही.

मिरची असेल तर मी पाचव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मधला एक ट्रे ओढून बघतो. ट्रेच्या चार-सहा कपांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) उचललेलं दिसलं की सगळे ट्रे पसरतो. बाकीच्यांची वाट बघत बसत नाही.

दुसरी चूक दुहेरी शेडनेटची. ४२ अंशांना घाबरून ५० टक्के ऊन अडवणाऱ्या नेटवर तसलंच दुसरं टाकलं की रोपाला पाव ऊनच मिळतं, मग ते उजेडासाठी मान वर काढणारच. दुसरं नेट सरकतं ठेवा. ११ ते ४ ओढा, एरवी बाजूला करा.

संध्याकाळी पाणी देऊ नका. रोप पिवळं दिसलं म्हणून लगेच युरिया नको. पानाला पान लागलं की ट्रे-ट्रेमधलं अंतर वाढवा.

टोमॅटोच्या रोपांवरून मी सकाळी, पानं कोरडी असताना, हलका हात फिरवतो. त्यानं रोप बुटकं आणि दणकट राहतं. टोमॅटो थोडा लांबलाच तर खोल लावा, खोडाला मुळ्या फुटतात. कलमी रोप मात्र खोल लावू नका, आणि मिरचीत हा भरवसा धरू नका.

पावसाची वाट बघत मिरची ४५ दिवसांच्या पुढं ट्रेमध्ये ठेवू नका. विहिरीला पाणी असेल तर ठिबकवर लावून मोकळे व्हा, नसेल तर बीच उशिरा टाका.