रोलप्लेसाठी मिळून जग रचताय? या चुका टाळा

आम्ही पाच जण डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर मराठीतून रोलप्ले करतो, म्हणजे प्रत्येकाने आपापलं पात्र घेऊन मिळून एक गोष्ट लिहायची. तिघं ठाण्याचे, दोघी बेलापूरच्या. आमचं जग ठाणे खाडीवरच बेतलंय: साष्टीचं बेट, पारसिकचा डोंगर, येऊरचं जंगल, फक्त नावं निराळी (इथे ओळखीसाठी खरीच लिहिली आहेत).

पहिली चूकच सगळ्यात महागात पडली. राजघराण्यांच्या वंशावळी लिहून झाल्या, पण कुठून कुठे जायला किती वेळ लागतो हे कुणीच ठरवलं नाही. माझ्या नावाड्याने एका रात्रीत बेलापूरचा किल्ला गाठला. किल्ला राखणाऱ्या मैत्रिणीच्या हिशेबी तो प्रवास तीन दिवसांचा, आणि तिची कुमक त्याच भरवशावर निघालेली. पंधरा दिवसांचं लिखाण बाद झालं. तिचा किल्ल्यातला प्रसंग फार सुंदर होता, त्याची हळहळ अजून वाटते.

म्हणून नकाशावर अंतर कोसांत नको, वेळेत लिहा. खाडीकाठच्यांना हे सोपं आहे. भरती दक्षिणेकडून ठाण्याकडे चढते, साधारण सहा तासांनी पाणी फिरतं आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आमचा नियम असा: ठाण्याहून खाली जायचं तर ओहोटीला होडी सोडा, भरती लागली की नांगर टाकून थांबा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा ओढ जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे ओढ कमी, म्हणून वल्ह्यांवर माणसं वाढवा. एवढ्यावरच कितीतरी प्रसंग आपोआप सुचतात.

दुसरी चूक: एकानेच सगळा नकाशा भरून टाकणं. येऊरच्या जंगलावर मी तीन पानं लिहिली आणि तिथे कुणी पाऊलच टाकलं नाही. प्रत्येकाला एक गाव द्या, तिथला शेवटचा शब्द त्याचा. बाकी जागा कोरी राहू द्या.

गॉडमोडिंग, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं ते आपणच ठरवणं, तर नकोच. ‘मी वार केला, त्याचा हात तुटला’ असं नाही, ‘मी तलवार उगारली’ इथे थांबा. हाताचं काय झालं ते त्या पात्राचा खेळाडू लिहील. जादूलाही किंमत लावा, नाहीतर प्रत्येक लढाई दोन ओळींत आटोपते.

परीक्षेच्या दिवसांत कुणीतरी गायब होणारच. आठवडाभर उत्तर आलं नाही तर त्याचं पात्र होडीत बसून दूर जातं, हे सुरुवातीलाच ठरवा.

आणि दोन लिखाणं आपसांत भिडलीच, तर लगेच पुसू नका. भांडणात नसलेल्या तिसऱ्याला विचारा. तो निवडेल ते खरं, दुसरं बंदरावरची अफवा म्हणून जगात राहू द्या. आमच्या नावाड्याची ती एका रात्रीची सफर आता अशीच सांगितली जाते, आणि किल्ल्यातली माणसं ती मानत नाहीत.