पावसाआधी जॅक आणि वॉशिंग लिफ्टचा गंज काढताना

कोकणात मृग लागायच्या आत, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, गॅरेजमधली हायड्रॉलिक अवजारं कामातून दोन दिवस बाजूला काढावीत. पाऊस सुरू झाल्यावर खरडलेलं लोखंड तासाभरात पुन्हा लालसर होतं आणि त्यावर मारलेला रंग फुगतो.

सामान आधीच जमवा. वायर ब्रश, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, चार शून्याची स्टील वूल, लिंबूसत्त्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड अर्धा किलो, खाण्याचा सोडा, रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर), इनॅमल, ग्रीस, सुती चिंध्या आणि जॅकसोबत आलेल्या कागदावर लिहिलेल्या ग्रेडचंच हायड्रॉलिक ऑइल. कागद हरवला असेल तर ट्रॉली जॅकला बहुधा ३२ नंबरपर्यंतचं पातळ ऑइल चालतं. ब्रेक ऑइल मात्र थेंबभरही नको. ते ग्लायकॉलचं असतं, हवेतला ओलावा ओढतं आणि जॅकमधली नायट्रिल रबराची सीलं, म्हणजे तेल अडवणाऱ्या रिंगा, फुगवतं. नावात ‘ऑइल’ असल्यामुळे ही चूक फार होते.

सुरुवात रॅमपासून, म्हणजे तेलाच्या दाबाने वर सरकून वजन उचलणाऱ्या दांड्यापासून करा, कारण बॉडीचा गंज दिसायला वाईट, पण रॅमचा गंज जॅक निकामी करतो. जॅकवर काहीही वजन नसताना रॅम पूर्ण वर काढा, डिझेलच्या चिंधीने पुसा आणि नखाने चाचपा. नुसते तांबूस डाग असतील तर स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने घासा, तेही रॅमच्या भोवती गोल. लांबीच्या दिशेने पडलेला ओरखडा सीलखालून तेलाला सरळ वाट करून देतो. पॉलिश पेपर आणि वायर ब्रश रॅमला लावूच नका, क्रोमचा थर अगदी पातळ असतो. नख अडकेल असा खड्डा असेल तर घासून उपयोग नाही. तो खड्डा दर वेळी सील कुरतडणार. रॅम बदला किंवा त्यावर हार्ड क्रोमचा नवा थर चढवून घ्या आणि सीलचा सेटही त्याच वेळी नवा टाका.

बॉडी, हात, चाकांच्या पट्ट्या यांचे सुटे भाग ॲसिडात घालता येतात. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, प्लास्टिकच्या बादलीत, तीन-चार तास. मधेमधे ब्रश फिरवा. रात्रभर ठेवलं तर चांगलं लोखंडही खाल्लं जातं. स्प्रिंगा, बेअरिंगं, कडक केलेल्या पिना आणि सिलिंडर बादलीत नकोत. ॲसिडातून निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि स्प्रिंग नंतर कधीतरी काडकन मोडते. बाहेर काढल्यावर सोड्याच्या पाण्यात बुचकळा, धुवा, लगेच उन्हात किंवा ब्लोअरने सुकवा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. वर इनॅमलचे दोन हात. रॅम, आटे, रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली सोडायचा) आणि वजनाची क्षमता लिहिलेली पट्टी झाकून मगच ब्रश उचला.

आता तेल. रॅम पूर्ण खाली, रिलीज व्हॉल्व्ह उघडा, फिलर, म्हणजे तेल भरायच्या भोकाचं बूच काढून जॅक उलटा करा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे सिलिंडर आतूनही गंजायला लागलेला असू शकतो. थोडं नवं ऑइल घालून, पंप मारून, तेही ओता. रॉकेल-पेट्रोलने खंगाळू नका. मग फिलर भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा, जास्त नको. व्हॉल्व्ह उघडाच ठेवून दहा-पंधरा वेळा भराभर पंप मारला की हवा निघते. शेवटी वजन उचलून १५ मिनिटं ठेवा, शेजारी घोडी (वजन पेलणारा लोखंडी स्टँड) लावूनच. रॅम बसत गेला तर सील किंवा व्हॉल्व्ह अजून गळतोय.

धुण्यासाठी गाडी वर उचलणाऱ्या वॉशिंग लिफ्टचं दुखणं वेगळं. रॅम वर असताना गाडीसोबत त्यालाही फवारा बसतो आणि साबण त्यावरचा तेलाचा थर धुऊन नेतो. म्हणून दिवसाची शेवटची गाडी उतरली की रिकामी लिफ्ट पुन्हा वर घ्या, रॅम पुसा, हायड्रॉलिक ऑइलचा हात फिरवा आणि मगच खाली सोडा. जळकं इंजिन ऑइल इथे बरेच जण लावतात. फुकट मिळतं हे खरं, पण त्यातली काजळी आणि कण थेट ग्लँडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी सील बसतं तिथे जातात. हवेवर चालणाऱ्या लिफ्टला पाणी आतूनही मिळतं, कॉम्प्रेसरच्या हवेतून. कॉम्प्रेसरच्या टाकीचा ड्रेन रोज सकाळी उघडा. ऑइल टाकीच्या तळाचं पाणी पावसाळ्यात आठवड्याला एकदा काढा, लिफ्ट रात्रभर खाली राहिल्यावर आणि टाकीतला हवेचा दाब पूर्ण सोडूनच.

ठेवताना रॅम नेहमी आत, जॅक सिमेंटच्या लादीवर नाही तर फळीवर. प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. तेलकट चिंधी टाकून ठेवा, आणि पंधरा दिवसांनी ती उचलून रॅमचं टोक एकदा बघा.